सत्तावीस-ब नंबरची जास्वंद

"साबेरा, तुझी वही परवा मनालने आणून दिली. अकरा वर्षांच्या नोंदी, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. शेवटच्या पानावर 'सत्तावीस-ब बाईंकडे ठेवली, निर्धास्त' असं लिहिलंयस. फोनवर तुला सगळं कळलं होतं. मग ते पान खोडलं का नाहीस? निदान खोडायचंस तरी!"

एवढं लिहून आनंदीबाईंनी पेन आपटलं. मेलेल्या माणसाशी भांडण्यात काय अर्थ?

आनंदीबाईंनी रत्नागिरीत एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. साबेरा मुकादम त्याच प्रयोगशाळेत काचसामान धुवायची. नवरा कुवेतला गेला तो तिकडचाच झाला. पदरात एक मुलगी, मनाल. बाई फळ्यावर मेंडेलचे वाटाणे काढत, तेव्हा साबेरा मागे काचपट्ट्या पुसत ऐकत असे. शिकवणारीने जन्मात एक संकर केला नाही. पुसणारीने चारशेच्या वर केले.

"बाई, तुमच्या त्या पाद्र्याने वाटाणे धरले. आपल्याकडे वाटाणा कुठला होतोय? मी जास्वंद धरली."

"अगं, खायचं तरी काही कर!"

"खायच्या आंब्यामागे सगळा जिल्हा आहे की. बघायच्या फुलाकडे कोण बघतंय?"

गावठी लाल जास्वंद जांभ्यावरही तगते, पण फूल संध्याकाळी मान टाकतं. नर्सरीतली मोठ्या फुलांची झाडं देखणी, पण जुलैच्या पावसात त्यांची मुळं कुजतात. साबेराला दोघींचं चांगलं तेवढं एका झाडात हवं होतं. आदल्या संध्याकाळी कळी उघडून चिमट्याने पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग लावायचा, देठाला रंगीत दोरा बांधायचा. बोंड धरलं तर बी, बी रुजलं तर वर्षा-दीड वर्षाने फूल. बहुतेकदा नुसता दोराच उरे.

दहाव्या वर्षी सत्तावीस-ब, म्हणजे बी धरलेल्या सत्ताविसाव्या संकराचं दुसरं रोप, फुललं. फूल दोन दिवस टवटवीत.

"रंग बघा बाई, उकडलेल्या कोळंबीसारखा!"

"देवाला वाहायचं फूल, आणि कोळंबी काय म्हणतेस गं?"

"तुमच्या देवाला कोकणात राहून कोळंबी ठाऊक नसेल होय?"

मुळं मात्र कच्चीच निघाली. मूळ रोप जाण्याआधी साबेराने त्याच्या काड्या गावठी जास्वंदीच्या खुंटांवर बांधल्या. दोन कलमं जगली. एक मालगुंडच्या झरीनला, चुलत बहिणीला, दिलं. पुढे झरीनशी घरच्या वाटणीवरून बोलणंच तुटलं. दुसरं साबेराने, मुंबईला उपचारांना जाताना, आषाढात कुंडीसकट आनंदीबाईंच्या अंगणात आणून ठेवलं.

"कलमाच्या जोडाखालून फुटेल ते खुडायचं. वरचं तेवढं आपलं."

"मला शिकवतेस?"

गणपतीच्या सकाळी मनालचा फोन आला: आजार यकृतात उतरलाय. नवस-बिवस न मानणाऱ्या आनंदीबाई फोन ठेवून अंगणात गेल्या. झाडावर एक फूल होतं, दोन कळ्या होत्या. जोडाच्या वर वीतभर काडी, तेवढंच झाड. त्यांनी सुरी घेतली. पाण्यात टिकावी म्हणून अख्खी काडी जोडाला लागून कापली आणि तांब्यात घालून मूर्तीपुढे ठेवली. हिला बरं कर, एवढंच म्हणाल्या. जास्वंद काय, कापली की फुटते.

फुटलीही. दीड दिवसांनी काडी निर्माल्याबरोबर समुद्रात गेली, आणि पंधरवड्यात कुंडीत तीन जोमदार फांद्या आल्या. बाईंनी हौसेने फोन केला.

"साबेरा, छाटल्यावर झाड काय फोफावलंय!"

"छाटल्यावर?" पलीकडे खोकला. "पानं कशी आहेत, बाई? जाड, चकचकीत?"

आनंदीबाईंनी पान बोटांत धरलं. पातळ. दातेरी. दहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. वरचं कलम गेलं होतं आणि खालचा गावठी खुंट फोफावला होता.

"लहान आहेत," त्या म्हणाल्या.

"कापलेली काडी?"

"विसर्जन झालं गं."

साबेरा हसली, तेही धड जमलं नाही. "गणपतीने नेली म्हणायची. त्याला तरी रंग आवडला." मग हळूच म्हणाली, "बाई, मालगुंडला जाल? झरीन माझा फोन नाही घेत. तुम्हाला नाही म्हणायची नाही. एक काडी ओल्या फडक्यात आणा. मी आले की बांधते."

"या रविवारी जाते."

त्या रविवारी गुडघा धरला. पुढच्या रविवारी पाऊस होता. म्हणजे होता, पण एसटी बंद पडण्याइतका नव्हता. झरीनने 'ते झाड? ते कधीच मेलं' म्हटलं तर मुंबईला काय सांगायचं, हे बाईंना सुचत नव्हतं. त्यानंतरच्या गुरुवारी साबेरा गेली.

आता काडी आणली तरी बांधायची कोणी? मेंडेल शिकवणाऱ्या बाईंना कलम बांधता येत नाही, आणि मनालला त्याचं काही नाही.

दाराच्या खिळ्याला मालगुंडला न्यायला भरलेली पिशवी अजून आहे. आत सुरी, सुतळी, आणि त्या रविवारी भिजवून पिळून ठेवलेलं फडकं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. मालगुंडची गाडी सव्वानऊला सुटते.