मान्यवरांत गेलेलं मिनिट

अकोल्यातल्या त्या कार्यक्रमाचा विषय निघाला की अजून माझं डोकं तापतं. म्हणायला कार्यक्रम आमचा होता. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं संशोधन साध्या माणसांना कळेल असं तीन मिनिटांत सांगायचं, एवढीच अट.

माझा विषय खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं त्या भागातल्या, विहिरींचं पाणी. ज्या गावांतून मी पाण्याच्या बाटल्या भरून आणायचे, तिथल्या बाया मुद्दाम गाड्या करून आल्या होत्या. पुढच्याच रांगेत एक काकू होती. गावात गेले की तिच्या घरचा चहा ठरलेला. तिच्या नातवाला मूतखडा. त्याला ती, तिकडच्या सगळ्याच बायांसारखी, विहिरीचं पाणी उकळून पाजायची आणि दर खेपेला मला विचारायची, "उकयलेलं बरं हाय ना पोरी?" मी म्हणायचे, तपासणी पूर्ण होऊ द्या.

तपासणी नुकतीच पूर्ण झाली होती. सांगायचं होतं ते एका वाक्याचं: उकळून खार जात नाही, पाणी आटतं तसा उलट वाढतो.

पण आधी सत्कार. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. एक पाहुणे संशोधन थोडक्यात कसं सांगावं यावर बोलायला उभे राहिले ते बसेचनात. आमची वेळ संपली की वाजवायला आणलेली घंटा त्यांच्यासमोर वाजवायची कोणाची छाती झाली नाही. शेवटी सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, वेळेअभावी विद्यार्थ्यांनी एकेका मिनिटात आटोपतं घ्यावं.

माझे मार्गदर्शक कानाशी येऊन म्हणाले, "मान्यवरांचा उल्लेख विसरू नकोस. क्रमानं घे, नाहीतर मला ऐकून घ्यावं लागतं."

आणि मी घेतला! अध्यक्ष महोदय, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, एकूण एक, पदांसकट. शाळेपासून हीच सवय लावलेली, तोंड आपोआप चालतं. 'माझ्या संशोधनाचा विषय आहे' इथवर पोचले आणि घंटा वाजली. टाळ्याही पडल्या. कशासाठी, कोण जाणे.

खाली उतरले. मार्गदर्शक म्हणाले, "छान झालं." मला वाटलं, त्यांना काहीतरी फेकून मारावं.

जेवणं उरकून बाया आपापल्या गाड्यांकडे गेल्या. काकू तेवढी माझ्यासाठी दाराशी थांबली होती.

"मले तं काईच समजलं नाई व. मंग उकयून पाजत जाऊ ना त्याले?"

"नाही काकू. अजिबात नाही. उकळल्यानं खार वाढतो. त्याला टँकरचं गोडं पाणीच द्या."

बाहेर दुसऱ्या गावांच्या गाड्या निघाल्याचा आवाज आला.

"त्या समद्या घरी जाऊन आता पानी उकयतीन," ती म्हणाली. "एवढा माईक हातात होता, तवा हे काऊन नाई सांगतलं?"