उजेडात बघू

त्या गुरुवारी आमचा ठरलेला वार नसतानाही मी त्यांना बोलावून घेतले होते. दहावीनंतर आमच्या लेकीने, केतकीने, पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून शिकावे, असे मला वाटत होते. तिने सुरतेतच राहावे, असे तिच्या पप्पांना. दिवस मावळला होता, आमच्या उधन्यातल्या यंत्रमागांची खडखड हवेत भरून राहिली होती, आणि ते नेहमीसारखे फाटकाच्या बाहेरच उभे होते. मी म्हटले, आज हो किंवा नाही सांगूनच जा. त्यांनी नखांच्या, रंगाने निळ्या झालेल्या कडा न्याहाळल्या. "आत्ता नको, बाई. उजेडात बघू," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून गेले.

उजेड झाला. फाटकाशी आले ते मात्र त्यांच्या रंगखात्यातले हिरालालभाई. टोपी हातात घेऊन म्हणाले, "बेन, मास्तर ऑफ थई गया." झोपेतच हृदय थांबले होते... प्रथम दुःख झाले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. प्रथम आला तो संताप. हा माणूस याही वेळी उत्तर न देता गेला.

आमच्या घटस्फोटाला तेव्हा सात वर्षे झाली होती. म्हणजे मी त्यांची पत्नी नव्हते, आणि विधवाही नाही. त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा बायका सरकून बसल्या. पण मी कुठे बसायचे, ते कुणालाच ठरवता येईना. शेवटी मी चपलांजवळ उभी राहिले. पंधरा वर्षांच्या एका मुलीला आम्ही दोघांनी मिळून वाढवले, या नात्याला आपल्या भाषेत शब्द नाही. निदान मला सापडला नाही, आणि मी आयुष्यभर शब्दच शोधत आले आहे.

ते पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंगमास्तर होते. घरी आले की त्यांच्या अंगाला वाफेचा, तिखट रसायनांचा आणि ओल्या सुताचा वास असे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो मला आवडायचा. मागवलेला रंग आणि उतरलेला रंग जुळला की नाही, हे ते ट्यूबलाइटखाली कधीच सांगत नसत. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन तुकडे सकाळच्या उन्हात धरले की एक हिरवट निघतो, एक तांबूस. म्हणून रात्रीच्या पाळीतला तुकडा पहाटेपर्यंत थांबायचा, आणि व्यापाऱ्याचा माणूस चरफडत बाकावर बसून राहायचा. तो माणूस मला फार जवळचा वाटे. संसारातला प्रत्येक प्रश्न त्यांनी असाच बाकावर बसवून ठेवला, आणि एक दिवस मी बाकावरून उठले.

कोर्टाच्या निकालात केतकीने रविवारी पप्पांकडे जावे असे ठरले होते. पण वीज पुरावी म्हणून इथे एकेका भागातले कारखाने वेगवेगळ्या वारी बंद ठेवत, आणि त्यांची सुट्टी मंगळवारी असे. शाळेची सुट्टी रविवारी. त्यामुळे रविवारी केतकी त्यांच्या खोलीवर जाई आणि ते कामावर असत. पोर आजीजवळ बसून परत येई. मी चिडून निरोप धाडी, ते चिडून उत्तर धाडत, आणि हे सारे तिच्या तोंडून. एका संध्याकाळी नऊ वर्षांची केतकी दारात दप्तर टाकून म्हणाली, "तुम्ही दोघं बोला ना. मला सगळं पाठ करत यावं लागतं." कामावरून सुटून तिला सोडायला आलेले ते फाटकाशी तसेच उभे होते. त्यांच्या तोंडून आली ती घरची अहिराणी. "पोर मनी बी शे," म्हणाले. माझीही आहे... मग म्हणाले, "मंगळवारी येतो. सकाळी, उजेडात."

तेव्हापासून मंगळवारची सकाळ आमच्या ओट्याची झाली. मी शिकवते ती शाळा दुपारची. चहाचे दोन कप, मध्ये केतकीची वह्यापुस्तके, आणि एकच नियम, बोलायचे ते तिच्याबद्दल. मागचे काही उकरायचे नाही. लग्नात मी त्यांना 'अहो' म्हणे. तो हक्क गेला आणि नाव जिभेवर येईना, म्हणून ते 'केतकीचे पप्पा' झाले. ते मला माझ्या विद्यार्थ्यांसारखे 'बाई' म्हणू लागले, थोडे चिडवत. शेजारच्या काकूंनी एकदा ऐकवलेच, "सोडलाय म्हणता, आणि चहाला कसा येतो?" भाऊ म्हणाला, एवढे जमते तर मोडलेत कशाला? कुणाला सांगणार, की नवरा म्हणून न जमलेला माणूस बाप म्हणून जमवून घेताना दातांवर दात दाबून बसावे लागते. ते उशिरा येत. तापातही तिला तुपाने थबथबलेली सुरती घारी खाऊ घालत. प्लेगच्या दिवसांत सारे शहर स्टेशनकडे धावत असताना, पोरीला कुठे पाठवायचे यावर हे म्हणाले, उजेडात बघू. उजाडेपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग तोंडाला रुमाल बांधून ते आठवडाभर याच ओट्यावर झोपले. मी आतून कडी लावून जागी असे, आणि बाहेर त्यांचा खोकला ऐकू आला नाही की मला राग येई.

एकदा त्यांनी एकाच लॉटच्या दोन मोरपंखी चादरी आणल्या. एक त्यांच्या खोलीवर, एक माझ्याकडे. "पोर कुठंही झोपली तरी रंग तोच हवा," म्हणाले. वर बजावले, सावलीत वाळत घाला, बाई. मी ती खुशाल उन्हात घातली. शिकवणी मला नको होती.

गेल्या सोमवारी संध्याकाळी केतकीने त्यांच्या खोलीवरची चादर आणली. दिव्याखाली मला नीट कळेना. सकाळी तिने दोन्ही ओट्यावर पसरल्या. माझी पार विटलेली, आभाळाच्या कडेसारखी. त्यांची जशीच्या तशी, गडद.

"पप्पा सावलीत वाळवायचे," केतकी म्हणाली. "आणि मी नसले की घडी करून ठेवायचे." ती गडद रंगावरून हात फिरवत राहिली. "आई, पुण्याचं काय ठरलं?"

सात वर्षे मला वाटत आले होते, की हा एक अडसर नसता तर प्रत्येक निर्णय मी क्षणात घेतला असता. पुण्याच्या बाजूने माझ्याकडे किती मुद्दे तयार होते! त्यांचा नकार मला खोडून काढायचा होता. तो नकार तसाच फाटकाशी उभा आहे, आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

"उजेडात बघू," माझ्या तोंडून गेले.

"उजेडच आहे की, आई."

होता. मंगळवार होता, ऊन ओट्याच्या अर्ध्यावर आले होते, आणि सवयीने मी चहाचे दोन कप भरून ठेवले होते. मी म्हटले, "जा." आणि कुणीतरी 'नाही' म्हणेल म्हणून थांबले... एका कपातला चहा साय धरत गेला. नाही म्हणणारे कुणी नव्हते.