शिवणीच्या लाकडाची गिटार

आधीच सांगते, मी गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी नाही, वाचून हसणाऱ्यांपैकी आहे. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली... दुसऱ्याचं म्हणणं खोटं कसं ठरेल हे शोधायचा पगार घेते. घरी आई माझ्या वरताण. शेजारच्या बाईंनी एकदा दृष्ट काढायला मिरच्या मागितल्या, तर आईने विचारलं, "तिखट की बिनतिखट?" अशा घरात वाढलेली मी. तरीही हे लिहितेय, कारण जे झालं ते मी आणि आई, दोघींनी घड्याळात बघत अनुभवलंय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. हिंजवडीला कंपनीची बस जायची, हातात बटणांचे मोबाईल होते, आणि आयटीतल्या निम्म्या लोकांना पगार हातात आल्यावर आपण गिटार शिकायची राहून गेली असं वाटायला लागलं होतं. आमचा पाच-सहा जणांचा एक ग्रुप जमला. रविवारी सकाळी हडपसरला प्रशांत मेश्रामच्या फ्लॅटवर भेटायचो. वाजवणं कमी, गिटारींबद्दल बोलणं जास्त.

माझी गिटार सगळ्यात स्वस्त. काळी, प्लायवूडची. तारा दांड्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्यांपासून इतक्या उंच, की निखिल म्हणायचा, "हिच्या तारेखालून मांजर जाईल." निखिल ऑनसाइटहून अमेरिकन गिटार घेऊन आला होता. तिला आतून मखमल लावलेली पेटी, पेटीत हवेतला ओलावा मोजायचं यंत्र. पावसाळ्यात तो स्वतः भिजायचा, पेटीला रेनकोट घालायचा. बाकीच्यांच्या या दोन टोकांच्या मधल्या.

आणि प्रशांतकडे होती त्याच्या बाबांनी बनवलेली.

मेश्रामकाका मूळ भंडाऱ्याकडचे. तिथल्याच एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते... म्हणजे लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करणारे कारागीर. शेजारी घणांचं खातं. तीस वर्षं तो आवाज ऐकून दोन्ही कान गेले. निवृत्तीनंतर काकू वारल्या आणि काका मुलाकडे पुण्याला आले तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन लावूनही नाही. बोलायचे मात्र खणखणीत, आणि आपण बोलायचं ते वहीत लिहून द्यायचं.

प्रशांतची कॉलेजमधली गिटार मोडली, तेव्हा काकांनी ती फेकू दिली नाही. उघडली, सगळी मापं घेतली आणि गावाकडून शिवणीच्या झाडाचं लाकूड मागवलं. दोन वर्षं बाल्कनीत बसून ते काम करत होते. लाकडावर टिचकी मारायची आणि कडेला दात टेकवून थरथर बघायची. त्यातून जी गिटार तयार झाली तिच्यावर ना नाव, ना नक्षी. फिक्या पिवळसर रंगाची, साधी.

एका रविवारी निखिलने परीक्षा घ्यायची टूम काढली. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून बसलो. तो एकामागून एक गिटारीवर तीच सुरावट वाजवणार, आम्ही कागदावर गुण द्यायचे. काका बाल्कनीत आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत होते. चौथी गिटार वाजली आणि मी पेन्सिल खाली ठेवली. एवढासा आवाज, पण खोलीच्या सगळ्या बाजूंनी आल्यासारखा. कुणी काही बोलायच्या आत बाल्कनीतून काकांचा आवाज आला.

"तिसरी तार उतरली हाय."

आम्ही वळून बघितलं. ती काकांची गिटार होती. निखिलने ट्यूनर लावला — तिसरी तार खरंच किंचित उतरलेली होती.

"फरशीतून व्हायब्रेशन जात असेल," मी म्हटलं. पुढच्या रविवारी काकांना खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसवलं, सोबत प्रशांत. वर पाचव्या मजल्यावर मी चिठ्ठ्या उचलून गिटारी निवडत होते, निखिल वाजवत होता आणि मी वेळ टिपत होते. काकांना 'काही ऐकू आलं तर हात वर करा' एवढंच लिहून दिलेलं. प्रशांतने खाली टिपलेल्या वेळा आणि माझ्या वेळा जुळवल्या. काकांचा हात फक्त त्यांची गिटार वाजत असतानाच वर गेला होता. प्रत्येक वेळी. अमेरिकन गिटारीला एकदाही नाही.

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर मला भीती नाही वाटली... कमीपणा वाटला. जणू मी काहीतरी मोजायला गेले होते आणि माझी पट्टीच लहान पडली.

थोड्या दिवसांनी काकांनी ती गिटार माझ्या हातात ठेवली. "पंधरा दिवस ने घरी. नवं लाकूड हाय, वाजवा लागते त्याले. हा प्रशांत तर कॉम्प्युटरमंदीच घुसून राह्यते." मी ती कर्वेनगरला आमच्या घरी आणली. राजाराम पुलाकडून आत येणाऱ्या रस्त्यावर आमची सोसायटी, तिसऱ्या मजल्यावर आम्ही मायलेकी. काका आमच्या घरी कधीही आलेले नव्हते.

नोव्हेंबर संपत आला होता. शनिवारी दुपारी अडीचला प्रशांतचा फोन आला.

"बाबा हरवले. मंडईत. शिंगाडे हवे होते त्यांना... मी सुट्टे घ्यायला वळलो, मागे बघतो तर नाहीत."

काकांना ऐकू येत नाही, पुण्याचे रस्ते माहीत नाहीत, खिशात मोबाईल नाही. त्यातून डायबेटिस, सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण व्हायचं होतं. प्रशांत चौकीत सांगून आला होता, निखिल टिळक रोडकडे शोधत होता.

"मी निघते गाडी घेऊन," मी म्हटलं.

"नको. तू..." तो थांबला. "तू वाजव."

"काय?"

"बाबांची गिटार. गॅलरीत बसून वाजव. हसू नकोस, स्वाती. मला दुसरं काही सुचत नाहीये."

मी हसले नाही. गॅलरीत पाट टाकला आणि वाजवायला लागले. मला येत होतं किती? चार-पाच सोप्या सुरावटी. त्याच पुन्हा पुन्हा. आई बाहेर आली.

"माणूस हरवलाय आणि तू मैफल कसली करतेस?"

मी वाजवता वाजवता सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा बघितलं. वाटलं, आता काहीतरी झोंबणारं बोलेल. पण ती आतून खुर्ची घेऊन आली, शेजारी बसली, आणि मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

आमची गॅलरी मागच्या बाजूला. समोर दुसरी बिल्डिंग. तिथल्या कुकरच्या शिट्टीत माझी गिटार बुडून जात होती. मला स्वतःला हसू येईल की रडू, कळत नव्हतं. चार वाजता बोटाची कातडी फाटली, तारेला रक्त लागलं. आईने माझा हात धरून बाजूला केला, बोट धुतलं, पट्टी लावली आणि समोर चहा ठेवला. कप अर्धा झाला तशी तीच म्हणाली, "झाली बारा मिनिटं. वाजव आता."

साडेपाचला खाली वॉचमनचा आवाज चढला. "ओ आजोबा, कुणाकडे जायचंय? कुणाकडे?" मी वाकून बघितलं. गेटमध्ये मेश्रामकाका उभे होते. एका हातात शिंगाड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तुटलेली चप्पल. वॉचमनकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते मान वर करून नेमके आमच्या गॅलरीकडे बघत होते.

मी जिना कशी उतरले, आठवत नाही. समोर गेले तर ते पहिलं काय बोलले?

"काहून थांबली होती वं पोरी मधात?"

ते बोलतच राहिले, नेहमीच्या मोठ्या आवाजात. "मी पुलावर होतो. पुढं दोन रस्ते फुटत होते. एकदम बंद झालं, काहीच येईना. मंग उभाच राह्यलो. म्हटलं, दमली असन पोरगी. पुन्हा सुरू झालं, तसा डाव्या अंगाले वळलो. तिकडं मोठमोठे लग्नाचे हॉल हायत."

तो म्हात्रे पूल. तिथून डावीकडचा रस्ता मंगल कार्यालयांवरून राजाराम पुलाकडे येतो. आमच्या घरापासून तो पूल अडीच-तीन किलोमीटर आहे. तिथली वाहनं, हॉर्न, लग्नाचे बँड... आणि माझी गॅलरीतली गिटार.

आईने आधी त्यांना साखर घातलेलं दूध दिलं, भात-आमटी वाढली. चेहरा शांत होता त्यांचा. जेवण झाल्यावर आईने वहीत लिहिलं, 'अहो, पत्ता कुणी सांगितला आपल्याला?'

काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि नवल वाटल्यासारखं तिच्याकडे बघितलं. "पत्ता कशाले पाह्यजे?"

आईने वही मिटली.

प्रशांत आला तो सरळ बाबांच्या गुडघ्यांना मिठी मारून जमिनीवर बसला. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. काका त्याच्या डोक्यावर थापट्या मारत म्हणाले, "मी कुठं हरवलो? तूच दिसत नव्हता."

पुढच्या महिन्यात आम्ही काकांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून तपासणी झाली, आलेख निघाला. डॉक्टर म्हणाले, यांना दोन्ही कानांनी काहीही ऐकू येत नाही, कानाशी फटाका लावला तरी नाही. बाहेर आल्यावर मी प्रशांतला म्हटलं, "एकदा गिटार घेऊन येऊया का या डॉक्टरांकडे?"

त्याने आधी बाबांना गाडीत बसवलं. मग म्हणाला, "त्यांना जगात एक गोष्ट ऐकू येते स्वाती. तिचं टेस्टिंग नको करूया."

मी पुन्हा कधी विचारलं नाही. फक्त गिटार परत करायला गेले त्या दिवशी राहवलं नाही म्हणून वहीत लिहिलं, 'काका, कसं ऐकू येतं?' त्यांनी प्रश्न दोनदा वाचला. "जसं पहिले यायचं तसंच," ते म्हणाले. "बाकीचंच बंद हाय."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गिटार प्रशांतकडे आहे, परदेशात. ओळखीच्या इंजिनियरांना मी हे सांगितलंय. कुणी योगायोग म्हणतं, कुणी म्हणतं प्रशांतने कधीतरी आमचा पत्ता त्यांना लिहून दाखवला असेल. असेल. पण त्या बारा मिनिटांचं कुणी काही सांगत नाही. मलाही सांगता येत नाही. मी इथे बोटाला पट्टी लावून चहा पीत होते, आणि तिकडे म्हात्रे पुलावर, शनिवारच्या त्या सगळ्या कलकलाटात, शिंगाड्यांची पिशवी धरून एक बहिरा माणूस शांत उभा होता... मी पुन्हा वाजवायची वाट बघत.