डोहातलं बी

आमच्या गावाजवळ नदीत एक खोल डोह होता. होळीनंतर पहिला पूर येईपर्यंत त्यात कोणी जाळं टाकायचं नाही, ही आम्हा मासेमारांची रीत. उन्हाळाभर तिथे तगून राहिलेले मोठे मासे पुरात अंडी सोडायचे, म्हणून त्यांना आम्ही ‘बी’ म्हणायचो. डोहाची राखण बाबांकडे होती.

डोहाच्या वरच्या अंगाला शहराचं सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडत. तरी उन्हाळ्यात वास यायचा, अंगाला खाज सुटायची. मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात जाऊ लागलो होतो. घरातला पहिलाच. या सांडपाण्याबद्दल तिथे सभा भरली, तेव्हा बाबांसोबत गेलो. बाबा उभे राहून म्हणाले, “उन्हाळ्यात तरी सोडू नका जी.” मागणी मान्य झाली. नदी वाहती नसेल तेव्हा ते पाणी सोडायचं नाही, असा नियम झाला. गावात पेढे वाटले.

पुढच्या वैशाखात डोह आटू लागला. नदीची धार तर केव्हाच तुटली होती. उन्हाळ्यात डोह त्या सांडपाण्यावरच भरलेला राहत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

बाबा मला घेऊन सांडपाणी सोडणाऱ्यांच्या कार्यालयात गेले. “थोडंसं सोडा जी. बी तरी वाचंल.”

साहेबांनी त्यांना आधी पाणी दिलं. मग म्हणाले, “तुम्हीच बंद करायला लावलंत ना? आणि नदीला धार नसताना थोडंसं सोडलं तर ते साचून मासेच मरतील.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पुस्तकातही तेच होतं.

शेवटी गुडघाभर चिखलपाणी उरलं. मासे वर तोंड काढून हवा घेऊ लागले. शेजारचे काका काठावरून ओरडले, “आता कोनासाठी राखून राह्यला भाऊ? कावळ्याईसाठी?”

“मले दिसून नाई राह्यलं का?” बाबा म्हणाले, आणि त्यांनीच पहिलं जाळं टाकलं.

आईनं रोहू चिरले तर पोटं अंड्यांनी गच्च. “घ्या ना जी थोडं,” ती म्हणाली. बाबांनी ताट दूर सरकवलं.

नियम चुकीचा होता, असं मला आजही म्हणवत नाही. पण आमची रीतही चुकीची नव्हती.

आषाढात पूर आला, डोह भरला. जाळं टाकायची मोकळीक झाली, गावातले सगळे नदीवर गेले. बाबा घरीच बसून होते.