माहेरी जन्मलेली पोर

कोऱ्या साडीच्या खळीचा वास आला की मी खिडकीवर बसायचो त्या सुरतेच्या नागरी सुविधा केंद्रातली ती दुपार मला आठवते. जन्मनोंदणी आणि शाळाप्रवेश ही पालिकेची दोन पोर्टल्स आम्ही नुकतीच जोडली होती. जन्माची नोंद आपोआप येणार, कागद बघायचाच नाही. साड्यांच्या घड्या घालणारी एक बाई शहराच्या टोकाच्या कोसाडहून मुलीला शाळेत घालायला घेऊन आली, अंगाला तोच वास. मी पुन्हा पुन्हा माहिती भरली. पडद्यावर दरवेळी 'नोंद नाही'. "माहेरी झाली ती, धुळ्याकडे. हा घ्या दाखला," ती म्हणाली. मी वैतागलो. "ताई, कागद चालत नाही आता." "मंग भाऊ, पोर समोर उभी शे, ती तरी चालस का?" ती अहिराणीवर आली. रांग हसली. मला हसू आलं नाही. जोडणीच्या आधी बैठकीत साहेबांनी विचारलं होतं, कुणाला काही अडचण दिसते का? आम्हा खानदेशी लोकांत पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तिथली नोंद सुरतेत सापडणार नाही, हे मला दिसत होतं. माझा मुलगाही तिकडेच झालेला. पण सगळ्यांसमोर आपलं गाव काढायची लाज वाटली, गप्प बसलो. पोर्टल दुरुस्त झालं तोवर प्रवेश संपले होते. बायको नवी साडी उलगडते तेव्हा मी अजूनही उठून गॅलरीत जातो. का, ते तिलाही सांगितलेलं नाही.