अर्धी गेलेली आज्ञा

साल्किनची पहिली नोकरी नारिन या डोंगराळ गावच्या तारघरात होती. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिथल्या मुख्य बाई कडक. आलेली तार नुसती उतरवून घेतली तर चालत नसे. त्यातली नावं आणि आकडे पलीकडच्याला परत वाचून दाखवावे लागत. "नुसतं 'मिळालं' म्हणू नकोस, काय मिळालं ते म्हण," असं त्या बाई दिवसातून दहादा सुनावायच्या. पुढे जुना देश मोडून नवा झाला, तारघर बंद झालं. नवरा कामासाठी रशियात गेला आणि तिकडचाच झाला. साल्किन मुलीला घेऊन राजधानीत, बिश्केकला आली. पस्तिशी ओलांडल्यावर वर्गातल्या पोरांचे टोमणे सोसत संगणक शिकली आणि डोंगरातल्या तळ्यांवर नजर ठेवणाऱ्या एका खात्यात लागली.

हिमनदीच्या पायथ्याशी साठलेलं तळं उन्हाळ्यात फुटलं की खालचं गाव वाहून जातं. म्हणून खात्याने पाच तळ्यांवर पेट्या बसवल्या होत्या. प्रत्येक पेटीत एक छोटा संगणक आणि पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. साल्किन बिश्केकमध्ये काळ्या पडद्यासमोर बसून आज्ञा टाइप करायची. ती आज्ञा तारेवरून, मग रेडिओवरून डोंगर ओलांडत पेटीपर्यंत पोचायची आणि तिथलं उत्तर त्याच वाटेने पडद्यावर यायचं. वारा सुटला की अक्षरं रखडायची. कधी जोडणीच तुटायची, आणि मग आज्ञा वर पोचली की वाटेतच राहिली, हे कळायला मार्ग नसे.

एका एप्रिलमध्ये चोलोक-सू गावाच्या वरच्या पेटीतली जागा भरली. साल्किनने मोजणी थांबवण्याची आज्ञा दिली. जुनी माहिती काढायची, मग मोजणी पुन्हा सुरू करायची, पाच मिनिटांचं काम. मोजणी थांबली आणि जोडणी तुटली. दोन दिवस तिने जंग जंग पछाडलं. जोडणी लागायची, चार अक्षरं जायची, पुन्हा तुटायची. खाली शंभरावर घरं होती आणि बर्फ वितळू लागलं होतं. शेवटी तिने चोलोक-सूला बेकतुरला फोन लावला. एकसष्ट वर्षांचा हा माणूस पेटीची देखभाल करायचा; साल्किन त्याला 'बायके', म्हणजे थोरले भाऊ, म्हणायची.

"बायके, तुम्हाला वर जावं लागेल. चूक माझीच आहे."

"मग रडतेस कशाला, पोरी? घोडा खाऊन खाऊन माजलाय. त्यालाही जरा चढ दाखवून आणतो."

बेकतुर चढला, पण तळ्याच्या अलीकडे त्याच्यावर बर्फाचा कडा सुटला. घोडा गेला. बेकतुरचा डावा पाय दगडाखाली सापडला. तो कसाबसा सुटला आणि दोन रात्री एका कपारीत पडून राहिला. तिसऱ्या संध्याकाळी त्याची बायको उरुमकान हिने गावातली चार माणसं वर धाडली. त्यांनी त्याला घसरगाडीवर घालून आणलं. जीव वाचला, पण अर्धं पाऊल कापावं लागलं.

साल्किन पहिल्या गाडीने नारिनच्या इस्पितळात गेली. बाहेरच्या बाकावर उरुमकान बसली होती. साल्किनने हातातली नान-सफरचंदांची कागदी पिशवी पुढे केली, ती तिने घेतली नाही.

"ते यंत्र बंद कुणी केलं?"

"मी केलं, एजे," साल्किन थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

"तुमचं बरं आहे. तुम्ही तिकडे एक बोट हलवायचं आणि इकडे आमच्या माणसाने पाय द्यायचा."

साल्किन मान खाली घालून आत गेली.

बेकतुर उशीला टेकून बसला होता. गालांवरची कातडी काळवंडली होती. "ती काय बोलली ते मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "तिच्यामुळेच तर वाचलो. निघतानाच सांगून गेलो होतो, तिसऱ्या संध्याकाळपर्यंत दिसलो नाही तर माणसं पाठव. वर अडकल्यावर हाका मारून कोण ऐकणार? परत यायची सोय निघायच्या आधी सांगून ठेवायची असते."

परतताना गाडी डोलोनचा घाट चढत होती, तेव्हा साल्किनने शेजारणीकडून पेन मागून घेतलं आणि पिशवीच्या कागदावर लिहायला सुरुवात केली. जोडणी तुटल्यावर इथून वरच्या पेटीला काहीच सांगता येत नाही. मग आज्ञेसोबतच सांगून ठेवलं तर? 'मोजणी थांबव, दहा मिनिटांत माझा शब्द आला नाही तर पूर्वी होतीस तशी हो.'

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं की दूरच्या संगणकाशी बोलणारा प्रोग्राम आपण स्वतः लिहू. साहेबांनी, ओरोझाली मुरातोविचनी, हातातली फाइल बाजूला ठेवली.

"अख्खं जग वापरतं तो प्रोग्राम तुला चालत नाही?"

"जगाकडे जगासारखी लाइन आहे, साहेब. आपल्याकडे दोन डोंगर आणि एक वारा आहे."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. रोजची कामं उरकून कर, एवढंच बोलले.

जूनमध्ये वाट मोकळी झाल्यावर गावातल्या माणसांनी वर जाऊन बंद पेटी सुरू केली. साल्किन मात्र आठ महिने प्रोग्राममध्ये बुडाली होती. टाइप केलेली ओळ तिच्या पडद्यावर आधी फिकट दिसायची. वरच्या संगणकाने ती पूर्ण ओळ जशीच्या तशी परत म्हणून दाखवली की मगच ती ठळक व्हायची, आणि ठळक झाल्याशिवाय वर काहीही हलायचं नाही. अर्धी पोचलेली आज्ञा म्हणजे न पोचलेली आज्ञा. जोडणी तुटली तरी प्रोग्राम आपली जागा धरून बसायचा. ती पुन्हा लागली की जिथे सोडलं तिथून पुढे. हे सगळं तपासायला तिने आणखी एक प्रोग्राम लिहिला, तो कचेरीतल्याच दोन संगणकांच्या मधे बसून मनाला येईल तशी अक्षरं गिळायचा. शेजारच्या टेबलावरची राया म्हणायची, "स्वतःच्याच वाटेत खड्डे खणणारी बाई पहिल्यांदाच बघतेय मी."

नोव्हेंबरमध्ये सगळं कोसळलं. दहा मिनिटं थांबायच्या ऐवजी प्रोग्राम एका क्षणात माघारी वळू लागला, तोही कधीतरीच. तीन आठवडे तिला कारण सापडेना. शेवटी लक्षात आलं की पेटीतल्यासारखा तो चाचणीचा संगणक अधूनमधून उपग्रहावरून आपलं घड्याळ लावून घेतो. काटा पुढे उडी मारतो आणि न गेलेली दहा मिनिटं गेल्यासारखी दिसतात. तिने घड्याळाचा नाद सोडला आणि प्रोग्रामला संगणकाची आतली टिकटिक मोजायला लावली. चूक सापडली त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून रडली. रायाने काही न विचारता चहा आणून ठेवला.

प्रोग्रामचा अर्धा भाग पेटीतल्या संगणकात घालायचा होता. तेवढं ओझं त्या जोडणीवर टाकायची साल्किनची छाती होईना. म्हणून पुढच्या वर्षी बर्फ ओसरल्यावर जूनमध्ये ती स्वतः चोलोक-सूला गेली. बेकतुर अंगणात काठी घेऊन उभा होता.

"मी नेलं असतं तुला," तो म्हणाला, "पण आता माझी वाट फाटकापर्यंतच."

दारातून उरुमकान म्हणाली, "मी नेते. वाट मलाही ठाऊक आहे."

दोन घोड्यांवरून दोघी निघाल्या. दिवसभर उरुमकान कामापुरतंच बोलली. "लगाम सैल सोड." "इथे खाली बघू नकोस." एका कड्याखाली तिने घोडा थांबवला, ओंजळ पसरून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, चेहऱ्यावरून हात फिरवला आणि पुढे निघाली. ही कोणती जागा, ते साल्किनने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीपाशी काम झालं. साल्किनने मोजणी थांबवली, पेटीवरचा हिरवा दिवा विझला. मग तिने पेटीला जोडलेली आपल्या संगणकाची तार उपटून काढली.

"हे काय केलंस? मागच्या वेळी असंच झालं होतं ना?" उरुमकान उठून उभी राहिली.

"हो, असंच. बसा, एजे."

दोघी दगडावर बसल्या. तळ्यात बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते. दहा मिनिटं फार मोठी असतात. मग हिरवा दिवा लागला.

"कुणी लावला?"

"कुणी नाही. मी निघतानाच सांगून ठेवलं होतं, परत आले नाही तर काय करायचं ते. हे मला बायकेंनीच शिकवलं, इस्पितळात."

उरुमकानने खोगिराच्या पिशवीतून नान काढला, मोडला आणि मोठा तुकडा साल्किनच्या हातावर ठेवला.

तोच प्रोग्राम त्या उन्हाळ्यात बाकीच्या चार पेट्यांतही गेला. त्यानंतरच्या चार हिवाळ्यांत त्या पाचांपैकी एकाही पेटीसाठी कुणाला बर्फात चढावं लागलं नाही. एका जुलैत चोलोक-सूचं तळं हातभर वाढलं, वेळेवर कळलं आणि लोक गुरंढोरं घेऊन उंचावर गेले. तळं फुटून पाणी आलं, दोन पूल घेऊन गेलं, माणूस एकही नाही. खात्याच्या अहवालात प्रोग्रामवर एक ओळ होती, लिहिणारीचं नाव नव्हतं. रायाने त्यावरून चार दिवस आदळआपट केली. साल्किन म्हणाली, "चालतोय ना? मग झालं."

चौथ्या हिवाळ्यानंतरच्या वसंतात बेकतुर गेला, घरात, अंथरुणावर, छातीच्या दुखण्याने. साल्किन पोचली तेव्हा अंगणात शोकाचा तंबू उभा होता. बाहेर पुरुष काठीवर वाकून आक्रोश करत होते. शहरातून आलेली पाहुणी म्हणून कुणीतरी तिला चहाच्या चटईकडे नेऊ लागलं. तेवढ्यात तंबूतून उरुमकानचा आवाज आला. रडून रडून तो बसला होता.

"तिला तिकडे कुठे नेताय? इकडे पाठवा."

आत घरच्या बायका काळे रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. उरुमकान थोडी सरकली. साल्किन तिच्या मांडीला मांडी लावून बसली आणि बायकांनी शोकगीताची पुढची ओळ धरली तेव्हा तिनेही सूर मिसळला.