अनगोळचे वेटोळे

पुण्याहून सकाळी सहाची बेळगाव गाडी धरली. मांडीवरच्या खोक्यात थर्मासच्या जातीची, दुहेरी भिंतीची काचेची कुपी होती, करंगळीएवढी. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा, ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास, अंधारात वस्तूची ऊब टिपणारा डोळा तयार होत होता. हा डोळा स्वतःच उबदार असेल तर त्याला दुसऱ्याची ऊब नीट दिसत नाही. म्हणून तो उणे १९६ अंशांपर्यंत गार करायचा. त्यासाठी लागणारे बारीक नळीचे वेटोळे बेळगावात अनगोळचे एक टर्नर, अण्णा, घडवत. नळीतून दाबाखालचा नायट्रोजन टोकाच्या छिद्रातून सुटला की गार होतो. त्यांची दोन वेटोळी आमच्याकडे चाचणीत तुंबली होती. तिसरेही तुंबले तर अण्णांचे काम काढून घ्यायचे, असे साहेबांनी बजावले होते.

निपाणीला गाडी वीस मिनिटे थांबली. हवेत तंबाखूचा खकाणा (बारीक धूळ) होता. शेजारच्या आक्कांनी विचारले, "एवढं जपून काय न्हेताय?"

"फ्रीजचा भाग आहे."

"व्हय? मग एक थंडा काढा की."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेडमध्ये त्यांचे तिसरे वेटोळे त्या कुपीत बसवून चाचणी लावली. दीड मिनिटात तापमापकाचा काटा उणे १५० वर गेला आणि परत फिरला. वायू अडला होता. दहा मिनिटांनी वेटोळे कोमट झाले, तसा वायू आपोआप वाहू लागला. कचरा असता तर असा सुटला नसता. आत पाणी गोठत होते. पण सिलिंडरमधला वायू कोरडा होता.

अण्णांनी वेटोळे सोडवले, तोंडाला लावले आणि फुंकले.

"अण्णा, हे नेहमी करता?"

"व्हय की. मोकळी हाय का बघाय नको? कार्बोरेटरची जेट बी असंच बघतोय."

श्वासात वाफ असते, हे सांगितल्यावर ते हातातल्या वेटोळ्याकडे बघत राहिले. "म्हंजे म्याच तुंबवलं व्हय, लई शानपणानं."

दोन तास दिव्याखाली वेटोळे तापवत त्यातून कोरडा वायू सोडला. तोवर अण्णांच्या घरी भाकरी, झुणका आणि वर कुंदा (खव्याची मिठाई) झाला. दुपारी काटा पावणेदोन मिनिटांत उणे १९६ वर गेला आणि तासभर तिथेच राहिला. अण्णा तो तासभर उभेच होते.

परतताना निपाणीला खोक्यावर खकाणा बसला. मी सवयीने फुंकर मारली, आणि थबकलो. पहिली दोन वेटोळी कापसात बांधून आली होती. चाचणीआधी त्यांच्या टोकांवरचा कापूस मीच फुंकून उडवला होता.

घरी पोहोचल्यावर अहवाल लिहिला. अण्णांची फुंकर एका ओळीत बसली. माझ्या फुंकरीला तीन ओळी लागल्या. काम अनगोळलाच राहिले.